प्रेझेंट परफेक्ट की सिंपल पास्ट?

हिंजवडीतल्या एका कंपनीत भाचीची मुलाखत आहे. अनुभव सांगताना ‘आय वर्क्ड’ (सिंपल पास्ट) म्हणू की ‘आय हॅव वर्क्ड’ (प्रेझेंट परफेक्ट), यावर ती अडून बसली आहे.

आधी वेळ बघायची. यस्टरडे, लास्ट इयर, इन 2019 असा संपलेला काळ वाक्यात आला की सिंपल पास्टच. ‘आय हॅव जॉइन्ड इन 2019’ सर्रास ऐकू येतं, पण ते चूक. सिन्स 2019 असेल आणि नोकरी चालू असेल, तर ‘आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2019’. इथे ‘आय ॲम वर्किंग’ चालत नाही.

खरी गोम आजशी असलेल्या नात्यात आहे. ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’ म्हटलं, की ऐकणारा समजतो ही आता पुण्यात राहत नाही. ‘आय हॅव लिव्ह्ड’ म्हटलं, की मुक्काम अजून कोथरूडलाच. एका ‘हॅव’वर मुलाखत घेणाऱ्याचा पुढचा प्रश्न बदलतो!

मेहनत म्हणाल तर परफेक्टला क्रियापदाचं तिसरं रूप पाठ हवं: सीन, गॉन, रिटन. प्रश्न विचारताना मात्र सिंपल पास्टमध्ये डिड आणि मूळ रूप, एवढ्यावर भागतं.

ऑलरेडी, जस्ट यांच्यासोबत ब्रिटिश मंडळी बहुधा परफेक्ट वापरतात, अमेरिकनांना सिंपल पास्टही चालतो. तिथे फार डोकं शिणवू नये.

म्हणून जुन्या नोकऱ्या, पदवीचं साल, घडून गेलेले किस्से सिंपल पास्टमध्ये सांगावेत. चालू नोकरी, आजवरचा एकूण अनुभव आणि नुकतं पूर्ण केलेलं काम परफेक्टमध्ये.