सी-के थिअरी: ब्राउन पेपरवर दोन रकाने

ब्रेनस्टॉर्मिंगच्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी केरात जात असतील, तर सी-के थिअरी ही नव्या वस्तूंची रचना शोधण्याची पद्धत वापरून बघण्यासारखी आहे. मात्र ती मेहनत करून घेते. पॅरिसच्या एकोल दे मीन या संस्थेतल्या आर्मां आत्शुएल आणि बेन्वा वेल यांनी ती मांडली.

सामान फुटकळ: ब्राउन पेपर, मार्कर, चिठ्ठ्या. डावीकडे ‘सी’, म्हणजे संकल्पना. उजवीकडे ‘के’, म्हणजे ज्ञान. चिठ्ठी कुठे लावायची याची कसोटी एकच. विधान खरं की खोटं हे आज सांगता येत असेल तर उजवीकडे, नाहीतर डावीकडे.

समजा, डावीकडे लिहिलं, ‘सहलीला न्यायची, स्वस्त आणि हलकी खुर्ची’. तिला ‘अ‍ॅल्युमिनियमची’ जोडलं, तर फक्त निवड केली. तशा खुर्च्या आहेतच. ‘पाय नसलेली’ जोडलं की खुर्चीची व्याख्याच डळमळते. अशी फांदी फुटली की लगेच उजवीकडे जायचं. जमिनीवर बसलेला माणूस गुडघे हातांनी आवळून का धरतो? पाठीचा भार मागे कलंडू नये म्हणून. मग हातांचं काम पट्ट्याने केलं तर? आपल्याकडे योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांना वेढणारा योगपट्ट आहेच. दक्षिण अमेरिकेतल्या आयोरेओ आदिवासींच्या पट्ट्यावरून चिलीचे वास्तुरचनाकार आलेहान्द्रो आरावेना यांनी विट्रा या फर्निचर कंपनीसाठी २०१० साली केलेली ‘चेअरलेस’ ही पट्टीही तीच जात.

आता दोन इंची नवार आणि बकल घेऊन बसून बघायचं. वेढा सैल राहिला तर पाठ मागे जाते, आवळला तर गुडघे छातीशी येतात. म्हणून लांबी कमीजास्त करता आलीच पाहिजे. बसता आलं की विधान ‘खरं’ ठरलं, चिठ्ठी उजवीकडे.

बिघडतं ते बहुतेक वेळा उजव्या रकान्यात. तो कोरा ठेवून डावीकडेच फांद्या काढत बसलं की उरतो नुसता माइंड मॅप, म्हणजे कल्पनांचा फांद्याफांद्यांचा नकाशा. ‘लोकांना आराम हवा असतो’ छापाची वाक्यंही तिथे कुचकामी. मापं, साहित्य, कारणं लिहा. दुसरी चूक सुरुवातीची: आधीच जमणारी गोष्ट ‘संकल्पना’ म्हणून मांडणं. ‘चाकं असलेली खुर्ची’ पहिल्याच मिनिटाला संपते.

मूळ निबंध जड आहेत. त्यातली संचसिद्धांताची, ‘फोर्सिंग’ची चर्चा पहिल्या वाचनात खुशाल सोडा. आणि बिजागरी कुरकुरतेय एवढीच तक्रार असेल तर हा पसारा मांडू नका, तेल घाला.