पी.ओ.डी.चे जुने अल्बम : आधी 'ब्राउन' घ्यावा की 'साउथटाउन'?

पी.ओ.डी. हा अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा ख्रिश्चन रॅप-रॉक बँड, आणि त्याचं नाव घेतलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे 'अलाइव्ह' आणि 'यूथ ऑफ द नेशन'वाला 'सॅटेलाइट' अल्बम, आणि दुसरी, डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठे झालेल्यांसाठी, रे मिस्टेरिओ या कुस्तीगिराची एंट्री. ते 'बुयाका ६१९' हे एंट्रीचं गाणं यांचंच, आणि २००६ च्या रेसलमेनियात रे मिस्टेरिओ बाहेर आला तेव्हा हाच बँड तिथे लाइव्ह वाजवत होता. ६१९ म्हणजे सॅन डिएगोचा फोनचा एरिया कोड, रे मिस्टेरिओ पण त्याच भागातल्या चुला व्हिस्टाचा, त्यामुळे ते नुसतं पैसे घेऊन केलेलं काम नव्हतं, एका गल्लीतल्या पोरांनी एकमेकांसाठी केलेलं गाणं होतं ते.

आता ही गाणी आवडली आणि मागे जाऊन जुनं काही ऐकायचंय असं ठरवलं, तर समोर दोन नावं येतात. १९९६ चा 'ब्राउन', जो त्यांनी घरच्याच लेबलवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून काढला, आणि १९९९ चा 'द फंडामेंटल एलिमेंट्स ऑफ साउथटाउन', जो अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीकडून आला आणि अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांच्या वर प्रती. दोन्हीत तीनच वर्षांचं अंतर, माणसं तीच चार, तरी ऐकताना दोन वेगळी घरं वाटतात. मी माझं मत आधीच सांगून टाकतो, 'सॅटेलाइट'वरून येत असाल तर आधी 'साउथटाउन' घ्या, पण या बँडमध्ये नेमकं काय आहे ज्यामुळे लोक पंचवीस-तीस वर्षं त्याला धरून बसलेत हे कळून घ्यायचं असेल तर 'ब्राउन'ला पर्याय नाही. आता का ते सांगतो.

थोडं मागचं माहिती असलेलं बरं. सॅन डिएगो शहराचं अगदी दक्षिणेचं टोक म्हणजे सॅन इसिड्रो, पलीकडे लगेच मेक्सिकोचं तिहुआना. या सगळ्या दक्षिण भागाला ही पोरं साउथटाउन म्हणायची. गिटारवर मार्कोस क्यूरिएल आणि ड्रम्सवर वुव्ह बर्नार्डो, हे दोघं आधी असेच जमून मेटल आणि हार्डकोरची गाणी वाजवायचे, बॅड ब्रेन्स, स्लेयर, मेटॅलिका वगैरे. वुव्हचा चुलत-मावस नात्यातला भाऊ सनी सॅन्डोव्हाल. सनीची आई कॅन्सरने आजारी पडली आणि गेली, त्याच काळात तो श्रद्धेकडे वळला, आणि तो दुःखात बुडून बसू नये म्हणून वुव्हने त्याला बँडमध्ये ओढलं. तो रॅप करायचा म्हणून रॅप आला, कुणी ठरवून रॅप-रॉक करू असं म्हटलं नव्हतं. बेसवर ट्रा डॅनियल्स. मार्कोस मेक्सिकन वंशाचा, ट्रा आफ्रिकन-अमेरिकन, सनीच्या घरची मुळं ग्वाम बेटाकडची. अशा बँडच्या अल्बमचं नाव 'ब्राउन' असणं हे उगाच नाही.

पहिला अल्बम खरं तर १९९४ चा 'स्नफ द पंक', त्यातला पंक म्हणजे सैतान. त्याच्याकडून सुरुवात करू नका असं मी सांगेन. त्यात जोश आहे पण सगळं एकाच पट्टीत ओरडून सांगितलेलं, आणि गर्भपाताबद्दलचं एक गाणं तर समोरच्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं, बाहेरच्या ऐकणाऱ्याला तिथेच दार बंद झाल्यासारखं होतं. ते नंतर ऐका, कुठून निघाले होते हे बघायला.

तर 'ब्राउन'. वुव्हच्या वडिलांचं रेस्क्यू रेकर्ड्स नावाचं छोटं लेबल होतं, हा तिथून आला. ऐकताना पहिल्या पाच मिनिटांतच कळतं की पैसे कमी होते. गिटार कोरडी आहे, ड्रम्स जवळ वाजल्यासारखे, आवाजाला कुठे चकाकी नाही, आणि सनी कधीकधी माइकच्या इतका जवळ येतो की शब्द चिरडतात. पण याच्यामुळेच बेस पुढे आलाय, आणि ट्राचा बेस हा माझ्या मते या बँडचा कणा आहे जो पुढे मोठ्या प्रॉडक्शनमध्ये गिटारच्या भिंतीमागे जातो. इथे तो दोन गाण्यांच्या मध्ये फंक वाजवतो, मग रेगे, म्हणजे जमैकाचं संथ तालाचं संगीत वाजवतो, 'फंक जॅम' आणि 'रेगे जॅम' अशी सरळ नावंच दिलीत, कुणाला विकायचंय असं मनात नसताना चार मित्र तालमीच्या खोलीत जे करतील तेच रेकॉर्ड केलंय. बऱ्याच जणांना हे तुकडे टाइमपास वाटतात आणि ते पुढे ढकलतात, मला उलट वाटतं, ते काढले तर 'ब्राउन' उरतच नाही, कारण पुढच्या सगळ्या अल्बममध्ये जड रिफमधून (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यातून) अचानक रेगेत उतरायची जी सवय दिसते ती इथे घडताना ऐकू येते.

'सेला' ऐका एकदा नीट. गिटार एक ठोका देते आणि थांबते, त्या थांबलेल्या जागेत सनी शब्द भरतो, मग परत ठोका. रेज अगेन्स्ट द मशीन या कॅलिफोर्नियातल्याच बँडची सावली आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही, १९९२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आल्यावर कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये तीच सावली पडलेली होती. पण रेजचा राग सरकारवर, व्यवस्थेवर असतो, आणि सनीचा राग स्वतःच्या मोहल्ल्याला गिळणाऱ्या गोष्टींवर, ड्रग्ज, टोळ्या, लवकर जाणारी माणसं. 'व्हिजन्स' आणि 'ब्रीद बॅबिलोन'मध्ये बायबलमधल्या प्रतिमा येतात, पण त्या चर्चच्या खुर्चीत बसून सांगितल्यासारख्या नाहीत, बॅबिलोन हा शब्द त्यांच्याकडे बायबलमधून जितका आलाय तितकाच जमैकन रेगेतून आलाय. भक्ती म्हणजे नुसता गोडवा नाही, नाठाळाच्या माथी काठी हाणणारी पण भक्ती असते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. त्यामुळे ख्रिश्चन नसलेल्या मराठी माणसाला 'ब्राउन' परका वाटेल असं मला मुळीच वाटत नाही, उलट सुळसुळीत प्रार्थनागीतांपेक्षा हा जवळचा वाटेल.

त्रास काय आहे ते पण सांगतो. लक्षात राहणारे कोरस कमी आहेत. गाणं संपल्यावर गुणगुणायला काही सापडत नाही, ताल राहतो पण चाल राहत नाही. सनी इथे गात नाही जवळजवळ, रॅप आणि ओरडणं एवढंच, त्याचा तो मऊ गाण्याचा आवाज जो 'अलाइव्ह'मध्ये ऐकून लोक प्रेमात पडले तो इथे शोधू नका. आणि 'प्रीच'सारख्या ठिकाणी उपदेशाचा सूर येतोच, नावातच आहे. पोरं पंचविशीच्या आत-बाहेरची होती, नुकती श्रद्धा सापडलेली, त्यामुळे सगळ्यांना सांगत सुटायची घाई आहे. मला ती घाई आवडते कारण ती खरी आहे, पण तुम्हाला खटकली तर तुमचंही चुकलं नाही.

आता 'साउथटाउन'. १९९८ मध्ये अटलांटिकने घेतलं, निर्माता हॉवर्ड बेन्सन, आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये अल्बम बाहेर. ते वर्ष म्हणजे लिंप बिझकिट आणि कॉर्न हे बँड टीव्हीवर दिवसरात्र, रॅप-रॉकचा बाजार पूर्ण तापलेला. त्या बाजारात हे गेले आणि तरी आपल्या मोहल्ल्याचंच नाव अल्बमला दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. बेन्सनने काय केलं तर पसारा आवरला. तुकडे आहेत अजून, 'चेकिंग लेव्हल्स' नावाचा एक डबसारखा (रेगेतला घुमणाऱ्या वाद्यांचा प्रकार) छोटा तुकडा आहे, पण आता ते दोन जड गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायला ठेवल्यासारखे बसतात. गिटार रुंद झाली, खालचा सूर जड झाला, कोरस आले. 'रॉक द पार्टी' तर सरळ नाचायला बोलावणारं गाणं आहे आणि एमटीव्हीवर ते जोरात चाललं, ज्यांना वाटतं ख्रिश्चन बँड म्हणजे सतत गंभीर चेहरा त्यांनी हे आधी ऐकावं.

पण अल्बमचा जीव मला 'साउथटाउन' या गाण्यात आणि 'सेट युअर आइज टु झायन'मध्ये दिसतो. पहिल्यात रस्त्यावरचा हिंसाचार आणि त्यात वाढणारी पोरं, सनी हळू आवाजात सुरू करतो, जणू शेजारी बसून सांगतोय, आणि मग कोरसला सगळा बँड एकदम अंगावर येतो. दुसऱ्यात रेगेचा ताल आणि गायलेला कोरस, 'ब्राउन'वर जे जॅम म्हणून सोडून दिलं होतं त्याचं इथे पूर्ण गाणं झालंय. तीन वर्षांत ही माणसं काय शिकली ते 'रेगे जॅम' आणि हे गाणं पाठोपाठ लावलं तर लख्ख कळतं.

आयरिश बँड यूटूचं 'बुलेट द ब्लू स्काय' पण आहे यात. मूळ गाणं १९८७ चं, मध्य अमेरिकेतल्या युद्धातल्या अमेरिकेच्या हाताबद्दलचं. मोठी कंपनी आली की एखादं कव्हर घ्यायला लावतात अशी शंका येऊ शकते, पण मेक्सिकोच्या सीमेवर वाढलेल्या बँडने हे गाणं उचलणं यात मला तरी जोड दिसते, आणि वाजवलंय पण असं की मूळची हवा काढून घेऊन त्यात शिसं ओतावं. ज्यांना मूळ प्रिय आहे त्यांना ते जड वाटेल हे मान्य.

श्रद्धेच्या बाबतीत 'साउथटाउन' जास्त हुशार आहे. लपवलेलं काही नाही, एका ट्रॅकचं नावच 'साम १५०' म्हणजे बायबलमधलं स्तोत्र आहे, पण समोरच्याला गाठून सांगायची घाई गेली. याचा पुरावा म्हणजे २००० मध्ये हा बँड ऑझफेस्टमध्ये वाजवत होता, ऑझी ऑस्बोर्नच्या फेस्टिव्हलमध्ये, पँटेरा आणि गॉडस्मॅकसारख्या मेटल बँडच्या सोबत, आणि तिथल्या मेटलवाल्या गर्दीसमोर उभे राहिले. चर्चमधल्या काही लोकांना ते पसंत नव्हतं आणि मेटलवाल्या काहींना पण नव्हतं, दोन्हीकडून ऐकून घेत मधल्या जागेत उभं राहायला लागतं ते या अल्बमच्या आवाजात उतरलंय. 'आउटकास्ट' नावाचं गाणं शेवटी येतं ते त्यामुळेच पटतं.

कमी काय? 'साउथटाउन' १९९९ चा आहे हे लपत नाही. काही रिफ आणि ते गिटारचं चिरकणं ऐकलं की तो काळ डोळ्यासमोर येतो, ज्याला न्यू मेटलचाच (त्या काळच्या या रॅप-मेटल लाटेचाच) कंटाळा आहे त्याला इथे दोन-चार गाणी एकसारखी वाटतील, खास करून अल्बमच्या मागच्या अर्ध्यात. 'ब्राउन' त्या मानाने जुना असून कमी जुना वाटतो, कारण तो कुठल्या लाटेवर बसून आलेला नाही.

मग तुम्ही कुठला घ्यायचा? पंक, हार्डकोर, जुनं रेगे ऐकत असाल, रेकॉर्डिंग खरबरीत असलं तरी चालतंय असं असेल तर थेट 'ब्राउन', मधे थांबू नका. गाडीत, जिममध्ये, चार लोकांत लावायला पाहिजे तर 'साउथटाउन', 'ब्राउन' चार लोकांत लावला तर कुणीतरी बदल म्हणणारच. घरात दहावी-बारावीतलं पोरगं किंवा पोरगी आहे, रॅप ऐकतेय आणि तुम्हाला शिव्या नसलेलं पण दमदार काही द्यायचंय, तर पुन्हा 'साउथटाउन', दोन्हीत शिवीगाळ नाही पण हा पोरांना लगेच धरेल. चर्चमध्ये गाणारे असाल, वसईकडचे किंवा गोव्यातले, आणि आपल्या युथ ग्रुपसाठी काही वेगळं शोधत असाल तर मी 'ब्राउन' सुचवेन, कारण पैसा, स्टुडिओ काही नसताना आपल्या गल्लीच्या बोलीत श्रद्धा कशी सांगायची हे त्यातून जास्त शिकता येतं. 'साउथटाउन'सारखं वाजवायला बेन्सन लागतो, 'ब्राउन'सारखं वाजवायला चार जण आणि एक खोली पुरते.

आणि 'सॅटेलाइट'च पुरे की, असं कुणी म्हणेल. २००१ चा तो, अकरा सप्टेंबरलाच दुकानात आला, अमेरिकेत तिप्पट प्लॅटिनम, उत्तमच आहे, 'यूथ ऑफ द नेशन' सॅन डिएगोजवळच्या सँटी गावात शाळेत झालेल्या गोळीबारानंतर लिहिलेलं, ते आजही ऐकवत नाही इतकं लागतं. पण त्या गाण्यातला जो शांत, न रडता सांगायचा सूर आहे तो सनीने 'साउथटाउन'वर कमावला, आणि मुळात त्या पोरांबद्दल बोलायचा हक्क 'ब्राउन'वर.

अजूनही ठरत नसेल तर एक करा. अटलांटिकचा अल्बम यायच्या आधी त्यांनी 'द वॉरियर्स' नावाची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम काढला होता, त्यात 'साउथटाउन' गाण्याचं आधीचं रूप आहे. ते आणि अल्बमवरचं, दोन्ही लागोपाठ ऐका. पहिलं जास्त आवडलं तर 'ब्राउन' घ्या, दुसरं आवडलं तर 'द फंडामेंटल एलिमेंट्स ऑफ साउथटाउन'.