फोमचे इअरप्लग : सोलापूरच्या गोंगाटात कितपत उपयोगी?

पूर्व भागात राहणाऱ्या बहुतेकांना यंत्रमागांचा खडखडाट सवयीने ऐकूच येईनासा होतो. माझ्यासारख्या काही जणांचे कान मात्र त्याला कधीच सरावत नाहीत, आणि त्यातच कुकरची शिट्टी, टीव्हीवरील मालिका व दारावरची घंटा एकदम आली की साध्या प्रश्नाचेही उत्तर सुचत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांनी १९९० च्या दशकात अशा अतिसंवेदनशील स्वभावाचा अभ्यास करून तो आजार नसून उपजत ठेवण असल्याचे मांडले, आणि साधारण १५ ते २० टक्के लोक असे असावेत असा अंदाज दिला. तेव्हा ‘मनावर घेऊ नकोस’ हे ऐकत बसण्यापेक्षा मेडिकलमध्ये चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळणारे फोमचे इअरप्लग मला अधिक कामाचे वाटले.

त्यांचा गुण बसवण्यावर अवलंबून आहे. बोळा दोन बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. आवाज किती घटतो हे सांगणारा, पाकिटावर छापलेला तीसएक डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. बोळा अर्धवट बसला तर त्यातले फारच थोडे पदरात पडते. ही कृती पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापणाऱ्यांची मात्र कमाल वाटते.

नीट बसवल्यावर मागांचा आवाज थांबत नाही, पण त्याची धार जाते आणि दुपारी वाचन होते. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा पिपाण्या आणि पाळण्यांच्या गोंगाटात घरच्यांना घाई न करता फिरता येते, हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे मात्र हे बोळे हात टेकतात, कारण फोम खालच्या पट्टीचे आवाज तुलनेने कमी अडवतो आणि छातीत जाणवणारा हादरा तर कानावाटे येतच नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनीच घातली आहे. ती पाळण्याचे काम कानातल्या बोळ्याने करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

जेवताना ते काढून ठेवावेत, कारण कान बंद असताना कडक भाकरीचा प्रत्येक घास डोक्यात घुमतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की घामाने कानात खाजही सुटते. कानात मळ साठण्याचा किंवा कान फुटण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रस्त्यावर गाडी चालवताना मी ते वापरत नाही. फोम मळला किंवा पुन्हा फुगेनासा झाला की जोडी टाकून द्यावी, आणि कानाचे भोक लहान असल्यास दुकानात लहान आकार आवर्जून मागावा. एरवी मोठाच हातात पडतो.