साउंडबारला कुठली वायर लावायची : ऑप्टिकल की एआरसी?

नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात तीन घरांत साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचे लांबट स्पीकर, आले आणि तिन्ही घरांतून मला एकच विचारणा झाली. खोक्यात दोन वायरी निघाल्यात, कुठली लावू? एक जाड, एचडीएमआयची, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात लावायची. दुसरी बारीक, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेली, ऑप्टिकल. एम.जी. रोडवरच्या दुकानातला मुलगा सांगतो, "कुठलीही लावा काका, आवाज सेम येतो." आवाजापुरतं त्याचं बरोबर आहे. तरी दीड वर्ष ऑप्टिकल वापरून मी एचडीएमआयवर आलो, आणि आलो तो आवाजासाठी नाही.

आधी घरातली परिस्थिती सांगतो, म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला कितपत लागू पडतं ते ठरवता येईल. टीव्ही भिंतीवर, त्रेचाळीस इंची. त्याला केबलचा सेट-टॉप बॉक्स आणि एक स्ट्रीमिंग स्टिक. दिवसभर घरी अण्णा आणि आई. बायको शाळेत, मी अंबडला कंपनीत. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते, तिला ते कित्येक वर्षं न चुकता जात. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून व्याख्यानं आणि कीर्तनं यूट्यूबवर लावतात. हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून बसवलेले असतात. अण्णांना आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. आम्ही बार आणला तो या शब्दांसाठी.

आवाजातला फरक लवकर सांगून टाकतो. ऑप्टिकलमधून दोन चॅनेलचा पूर्ण आवाज जातो, किंवा ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा, दाबून लहान केलेला. डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, तिच्यातून येत नाही, ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस एआरसीतून येतं. पण त्यासाठी बारही तसा लागतो, आणि आमच्यासारख्या २.१ च्या, म्हणजे दोन चॅनेल आणि एक वूफर असलेल्या, साध्या बारला याने काही फरक पडत नाही. बातम्या, मालिका, कीर्तन, मॅच, सगळं दोन्ही वायरींवर ऐकलं. माझ्या कानांना तरी वेगळं काही जाणवलं नाही. सिनेमाचं वेड असेल आणि वर तोंड केलेल्या स्पीकरचा महागडा बार घेणार असाल, तर तुमचा प्रश्न इथेच सुटला. एचडीएमआयच लावा.

बाकीच्यांसाठी ऑप्टिकलची बाजू मला नीट मांडली पाहिजे, कारण वायर म्हणून ती खरंच चांगली आहे. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. तिच्यातून वीज जातच नाही, लाल उजेड जातो. त्यामुळे जुन्या घरात अर्थिंग बरोबर नसलं की साध्या ऑक्सच्या वायरीतून जी घूं घूं येते, ती हिच्यात येत नाही. टोपी काढा, खाच बघून टिक आवाज येईपर्यंत आत सारा, बारवर ऑप्टिकल निवडा, झालं. टीव्हीच्या मेनूत फार शिरावं लागत नाही. फक्त काटकोनात मुडपायची नाही आणि सोफ्याच्या पायाखाली येऊ द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट नाशिककरांनी लक्षात घ्यावी. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली की केबलच्या वायरीतून झटका येऊन सेट-टॉप बॉक्स आणि त्याच्यामागे टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट उडाल्याचे प्रकार होतात. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये झालाय. ऑप्टिकल वायरीत धातूच नाही, म्हणजे हा झटका तिच्यातून पुढे बारपर्यंत जाऊ शकत नाही. एचडीएमआयमधून जाऊ शकतो. मी एआरसी लावल्यापासून मे-जूनमध्ये पहिला गडगडाट झाला की उठून प्लग काढतो, केबलची वायरही काढतो.

एवढं सगळं असूनही मी ऑप्टिकल काढली, ती रिमोटपायी.

ऑप्टिकल वायर एकेरी आहे. टीव्हीकडून बारकडे आवाज जातो, बाकी काही जात नाही. टीव्ही चालू केला, बंद केला, आवाज वाढवायचं बटण दाबलं, बारला यातलं काहीच कळत नाही. म्हणजे केबलचा एक, टीव्हीचा एक, स्टिकचा एक आणि बारचा चौथा रिमोट. हा चौथा सगळ्यांत लहान, चपटा, नाण्यासारख्या सेलवर चालणारा, सोफ्याच्या फटीत हमखास जाणारा. अण्णा वर्षानुवर्षांच्या सवयीने टीव्हीचा रिमोट उचलत आणि आवाज वाढवत. टीव्हीवर पाटी यायची की बाहेरचा स्पीकर जोडलेला आहे. पाटी इंग्रजीत. अण्णांना वाटायचं टीव्ही बिघडला. बारवर आकडा दिसत नाही, चार बारीक दिवे आहेत, त्यामुळे आवाज किती आहे हे सोफ्यावरून कळत नाही. आई तर बार लावायचाच टाळू लागली. "तू घरी आलास की लावू," म्हणायची. ज्यांच्यासाठी आणला ते दोघं दिवसभर त्याच्याशिवाय बसायचे.

आणि मग लाइट जायची. एका शनिवारी दुपारी दुरुस्तीसाठी गेली ती चारला आली. मी कंपनीत. अण्णांचा फोन आला.

"अरे, मॅच लागलीय. चित्र आहे, आवाज नाही."

"अण्णा, बार बंद पडला असेल. छोटा काळा रिमोट घ्या, वरचं लाल बटण दाबा."

थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "आता चित्रही गेलं."

त्यांच्या हातात स्टिकचा रिमोट होता. तोही छोटा, तोही काळा, त्याच्याही वरच्या टोकाला चालू-बंदचं बटण. वीस मिनिटं मी फोनवर होतो आणि शेवटी ते म्हणाले, "राहू दे, तू कामात आहेस. रेडिओ लावतो." त्या आवाजाने मला फार वाईट वाटलं. दीडशे कीर्तनं ऐकून पाठ असणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात एक बटण सापडू नये, हा दोष त्यांचा नव्हता.

मी आधी उपाय करून पाहिले नव्हते असं नाही. केबलच्या रिमोटवर टीव्हीसाठीची चार-पाच बटणं वेगळी असतात, त्यांना दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकवता येतात. दोन रिमोट समोरासमोर धरायचे, सेटचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबायचं, मग एकेक बटण शिकवायचं. बारचा आवाज मी असा केबलच्या रिमोटवर आणला आणि काही दिवस बरं चाललं. तुमचं सगळं पाहणं केबलवरच असेल, तर हा बिनखर्चाचा उपाय जरूर करून पाहा, कदाचित तेवढ्यावर भागेल. आमच्याकडे यूट्यूब स्टिकवर, तिथे पुन्हा रिमोट बदलायचा. आणि लाइट गेली की बार झोपलेलाच. काही बार आवाज आला की आपोआप जागे होतात असं म्हणतात, आमचा होत नाही.

एआरसीत एकाच एचडीएमआय वायरीतून दोन्हीकडचा व्यवहार होतो. टीव्हीकडून बारला आवाज जातो आणि सोबत निरोपही जातात, चालू हो, बंद हो, आवाज वाढव. निरोपांच्या या सोयीला सीईसी म्हणतात. एआरसी एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत, २००९ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या टीव्हीत ते नसणार. टीव्ही लावला की बार लागतो. टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला की बारचाच वाढतो आणि आकडा पडद्यावर दिसतो, मोठा, सोफ्यावरून वाचता येईल असा. केबलच्या रिमोटवरची ती शिकवलेली बटणं आता मी टीव्हीचीच शिकवली आहेत, ती दाबली की टीव्ही पुढे बारला कळवतो. बारचा चपटा रिमोट सेल काढून कपाटात गेला.

पहिल्या दिवशी मात्र घाम निघतो. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टांवर एआरसी नसतं, बहुतेक एकाच पोर्टवर तसं लिहिलेलं असतं. आमचा टीव्ही भिंतीला टेकलेला, अक्षरं दिसेनात, शेवटी मोबाइल मागे घालून फोटो काढला तेव्हा कळलं की त्या पोर्टात सेट-टॉप बॉक्स बसलाय. बारवरही एआरसी लिहिलेल्या सॉकेटातच वायर हवी. मग मेनूत जाऊन सीईसी चालू करायचं, आणि ते तुम्हाला सीईसी नावाने सापडेलच असं नाही. सॅमसंगवर ते अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक. नाव वेगळं, काम तेच. एवढं करून आवाज येत नसेल तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाचं सेटिंग पीसीएमवर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आवाजावर, करून पाहा. आमचं गाडं तिथेच अडलं होतं.

त्रास पुढेही थोडा आहे. वर्षभरात दोनदा असं झालं की लाइट आल्यावर टीव्हीने बारला ओळखलंच नाही आणि आवाज टीव्हीतूनच येऊ लागला. दोघांचे प्लग काढून मिनिटभराने लावले की जमतं. पण बघा, अशा वेळीही आवाज येत असतो, बारीक का होईना. अण्णांची मॅच चालू राहते, मी संध्याकाळी येऊन प्लग काढतो. दुसरं म्हणजे स्टिकच्या रिमोटला चुकून हात लागला की ती जागी होते आणि टीव्ही केबलवरून तिच्यावर उडी मारतो. हेही सीईसीचंच काम. आईला सुरुवातीला याचा वैताग यायचा, आता ती सोर्सचं बटण दाबून परत येते.

एक खरी अडचण पोर्टांच्या संख्येची. बत्तीस इंची टीव्हीला बऱ्याचदा दोनच एचडीएमआय असतात. बॉक्स आणि स्टिक लावली की संपले, बारला जागा उरत नाही. तिथे ऑप्टिकल लावा आणि मन खट्टू करू नका. टीव्ही एकट्या तरुण माणसाचा असेल, किंवा बार चालू-बंद करायला कोणीतरी जाणतं नेहमी घरी असेल, तरी ऑप्टिकलने काही बिघडत नाही. पण दुपारी घरात फक्त म्हातारी माणसं असतील, तर मला वाटतं एक संध्याकाळ मेनूत घालवावी आणि एआरसीच लावावं. खरेदीला जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि त्यात एआरसी ही अक्षरं कुठल्या पोर्टवर आहेत ते बघून ठेवा.

आणि पोर्ट कमी पडून ऑप्टिकलच लावायची वेळ आली, तर माझी वायर घेऊन जा. दीड मीटरची आहे, दोन्ही टोप्यांसकट ठेवली आहे.