लॉन्ड्रोमॅटचा रिव्ह्यू: वॉशरला ३ स्टार, ड्रायरला २, आणि काकांशी भांडण फुकट

आमच्या अपार्टमेंटमधलं वॉशिंग मशीन गेल्या महिन्यात बंद पडलं, पार्ट यायला तीन आठवडे लागतील म्हणाले, आणि घरात आम्ही दोघं, दोन पोरं, वर लातूरहून आलेले काका-काकू, म्हणजे कपड्यांचा नुसता डोंगर. काकू म्हणाली मी टबात धुते हाताने, पण जीन्स आणि बेडशीटं पिळणार कोण? म्हणून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला येऊन नऊ वर्षं झाली तरी पहिल्यांदाच लॉन्ड्रोमॅटची, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाची, पायरी चढले. शहराच्या पूर्वेकडचं आहे, नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार पण आहे.

आधी कामाचं सांगते. जागा मोठी आहे, पार्किंग भरपूर, फरशी बऱ्यापैकी स्वच्छ, वॉशर नवीन आहेत. मध्यम लोडला पावणेपाच डॉलर. ड्रायरला एक क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) टाकला की पाच मिनिटं, आणि सुती कपडे असतील तर चाळीस मिनिटांशिवाय काही खरं नाही, म्हणजे अजून दोन डॉलर. आमचे पाच लोड झाले, ३४ डॉलरच्या आसपास गेले. कार्ड चालत नाही, सगळा कारभार क्वार्टरवर. चेंज मशीनमध्ये वीसची नोट सरकवली की ८० नाणी खळाखळा पडतात, जवळपास अर्धा किलो वजन होतं, काका म्हणाले दानपेटी फोडल्यासारखं वाटतंय. साबण घरून न्या, तिथल्या मशीनमधली एका धुण्याची पुडी दीड डॉलरला आहे, त्या भावात दुकानात कितीतरी जास्त येतो. आणि १४ नंबरचा ड्रायर, त्याच्यापासून लांब राहा. माझे सहा क्वार्टर गिळले आणि गार हवा सोडत बसला. तिथे माणूस कोणी नव्हता, भिंतीवरचा फोन लावला तर व्हॉइसमेल, मग एका पाकिटावर नाव-पत्ता-मशीन नंबर लिहून डब्यात टाकायचं म्हणे, रिफंड पोस्टाने येतो.

आता काकांचं. काका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ३२ वर्षं होते, बीडच्या ऊसतोड टोळ्या त्यांनी जवळून पाहिल्यात, त्यामुळे गरिबीच्या विषयात त्यांच्याशी कोणी वाद घालायचा नाही असा घरात नियमच आहे. ते खुर्चीत बसले, आजूबाजूला बघितलं, प्रत्येकजण गाडीतून उतरतोय, प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन, पोरांच्या पायात बूट. म्हणाले, "कसली आलीय गं इथं गरिबी? कोपी बघितलीस का तू पाचटाची? मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी सहा-सहा महिने उसाच्या फडात ऱ्हाती, लेकरं चिखलात. हे लोक तर कारमध्ये येऊन कपडे धुतात की."

खरं सांगायचं तर मी पण इतकी वर्षं मनातून हेच म्हणायचे. आपण राहतो बॅलन्टाइन या सधन वस्तीच्या बाजूला, आपले मित्र सगळे बँकेत नाहीतर आयटीत, गरीब माणूस आपल्याला भेटतो तो फक्त सिग्नलला पाटी घेऊन, आणि काच खाली करायची की नाही एवढाच आपला प्रश्न असतो. नवरा तर अजूनही म्हणतो, ज्याला काम करायचंय त्याला या देशात काम आहे.

पण समोरच्या टेबलाजवळ एक बाई होती, पन्नाशीची असेल, नर्सिंग होमचा युनिफॉर्म अंगावर, बॅज लटकलेला. तिने ड्रायरचं दार उघडलं, कपडे हाताने दाबून बघितले, पर्समध्ये बोटं घालून चाचपलं, दोन क्वार्टर निघाले, ते टाकले, दहा मिनिटं थांबली, परत दाबून बघितलं आणि तसेच दमट कपडे काळ्या पिशवीत कोंबून निघाली. काकांना राहवेना, दारातच विचारलं तिला, मोडक्या इंग्रजीत, घरी दोरीवर का नाही घालत वाळत, एवढं कडक ऊन पडलंय. ती हसली, म्हणाली बाल्कनीत कपडे दिसले तर लीझिंग ऑफिस, म्हणजे बिल्डिंगचं भाड्याचं ऑफिस, नोटीस लावतं. आणि गाडीचं विचारलं (काकांनी तेही विचारलंच!) तर म्हणाली, रात्रीची शिफ्ट सकाळी सहाला संपते, रविवारी त्या वेळी माझ्या रूटला बस नाही, गाडी गेली की नोकरी गेली. मागच्या महिन्यात बॅटरी गेली तर दोन शिफ्ट बुडाल्या होत्या.

काका गप्प. मला तेवढा चान्स मिळाला. म्हटलं काका, हिशोब करू आपण, तुमच्या कारखान्यासारखा. नॉर्थ कॅरोलायनात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं आहे तेच, जुलै २००९ पासून एक सेंट वाढलेलं नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एक सुट्टी नाही, तर होतात १५,०८०. आणि २०२४ मध्ये सरकारची एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा होती १५,०६०. म्हणजे वर्षभर राबून माणूस रेषेच्या वर किती, तर वीस डॉलर! २०२५ मध्ये रेषा १५,६५० झाली, वेतन तिथेच, मग तेही गेलं. अर्थात दुकानांच्या दारावर बारा-चौदा डॉलरच्या पाट्या मी स्वतः बघते, सगळे सव्वासातवर नाहीत, पण इथलं घरभाडं बघता बारा-चौदात तरी काय होतंय. बरं, ती रेषासुद्धा कुठून आली, तर १९६० च्या दशकात मॉली ओरशान्स्की नावाच्या सरकारी बाईंनी काटकसरीच्या जेवणाचा खर्च घेतला आणि त्याला तीनाने गुणलं, कारण तेव्हा घरखर्चाचा तिसरा हिस्सा खाण्यावर जायचा. आज पैसा भाड्यात, गाडीत, औषधात जातो, आणि रेषा अजून त्याच हिशोबावर महागाई चढवत चाललीय. या रेषेने मोजलं तरी २०२३ मध्ये ३ कोटी ६८ लाख लोक खाली होते, शंभरात अकरा.

काका म्हणाले सरकार रेशन देतं ना. देतं, कार्ड असतं, पण त्यावर साबण नाही मिळत, टॉयलेट पेपर नाही, पोराचे डायपर नाहीत, दुकानातलं गरम जेवण नाही. पीठ-दूध मिळेल, कपडे धुवायचा साबण मात्र रोख पैशाने. म्हणून ती दीड डॉलरची पुडी खपते, ज्याच्याकडे आज दीडच डॉलर आहे त्याला पंधराचा डबा स्वस्त पडतो हे सांगून उपयोग काय.

"पण पोरं तर वर जातात की हितं," काका म्हणाले, "शाळा फुकट, बस न्यायला येती." हे मात्र बरोबर, शाळेच्या बसचं मला पण कौतुक आहे. पण नेमकं आपल्याच शहराचं नाव निघालं होतं यात. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या टीमचा २०१४ चा अभ्यास आला, कमाईच्या तळातल्या पाचव्या हिश्शात जन्मलेलं पोर वरच्या पाचव्या हिश्शात जायची शक्यता किती, तर ५० मोठ्या शहरांत शार्लट शेवटचं, ४.४ टक्के. सॅन होजेला १२.९. इथल्या बँकांच्या टोलेजंग इमारती बघून कोणाला खरं वाटेल? नंतर २०२४ मध्ये परत मोजलं तेव्हा शार्लट ३८व्या नंबरवर आलं होतं, म्हणजे हलतंय, पण किती. चेट्टी म्हटल्यावर काकांनी आधी विचारलं आपला आहे का, मी म्हटलं दिल्लीत जन्मलेला, मग जरा लक्ष देऊन ऐकलं.

पटलं का? पूर्ण नाही. कोयता घेतलेल्या जोडीशी तुलना करू नको, तिची लेकरं उपाशी झोपतात, हे त्यांनी परत सांगितलं आणि त्यात मी काही बोलू शकले नाही, त्यांनी पाहिलंय आणि मी नाही. पण जाता जाता गाडीत म्हणाले, आपल्याकडं निदान ऊन तरी फुकट हाय गं.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसला असताना त्यांनी बाल्कनीत नायलॉनची दोरी बांधली, काकूचे दोन गाऊन आणि स्वतःचं धोतर वाळत घातलं. संध्याकाळपर्यंत दारावर नोटीस. काकांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, दुसऱ्यांदा शब्दाशब्दाचा अर्थ विचारत, मग चष्मा काढला आणि दोरी सोडली.

तर जायचंच असेल तर मंगळवारी सकाळी सातला जा, रविवारी मशीन मिळत नाही. क्वार्टर बँकेतून आणा, कधीकधी चेंज मशीन बंद असतं. दीड डॉलरचा रिफंड अजून आलेला नाही.