केशरी कार्ड, मिरजेचा दवाखाना आणि पाचपैकी साडेतीन स्टार

आधी निकाल सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला, म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेला, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. ऑपरेशनला पाच, कागदपत्रांना चार, बिलाच्या खिडकीला दोन आणि राज्याची हद्द ओलांडली की शून्य. सरासरी काढून दाखवू नका. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, सरासरी मला येते. साडेतीन मनानं दिलेत.

थोरल्या दादाची द्राक्षबाग कवठेमहांकाळकडं. ऐन छाटणीत छातीत कळ आली. गावच्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला आणि 'मिरजेला न्या' म्हणाले. आमच्याकडं हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला, तेव्हापासून इकडं जत-आटपाडीचा आणि तिकडं अथणी-रायबागचा पेशंट मिरजेलाच येतो.

आम्ही ज्या खासगी दवाखान्यात गेलो तिथं दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल होतं. रेशनकार्डावर दादाचं नाव 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब'. मला वाटलं, आता तहसीलची वारी. पण त्या पोरानं मान वर न करता विचारलं, "तातडीची केस आहे ना? फोनवर मंजुरी घेतो, नावाचं मागनं बघू." तासाभरात पेशंट आत. कागदपत्रांचे चार स्टार त्या पोराचे आहेत.

दोन स्टारवाली खिडकी पुढं भेटली. अँजिओग्राफीचे पैसे रोख भरा, ब्लॉक निघाला तरच योजना लागू, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पावती मागितली तर म्हणाल्या, "शेवटी एकदम देऊ." अडतीवर आम्ही हमालाला चहाचे पैसे दिले तरी लिहून ठेवतो, आणि इथं हजारांचा व्यवहार तोंडी! मी तिथंच उभा राहून योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावला. फोनवर दवाखान्याचं नाव सांगायला लागलो तशी बाईंना पावतीपुस्तक सापडलं. ज्यांच्याकडं फोन लावायचं धाडस नाही त्यांचं काय होत असेल, ते सोडाच.

स्टेंट बसला, त्याचा एक रुपया लागला नाही. डिस्चार्जला दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, वर घरापर्यंतचं एसटीचं भाडं हातावर ठेवलं. "भाडं बी देतात व्हय?" दादानं दोनदा विचारलं. पॅकेजमध्येच असतं ते. अकराव्या दिवसापासून मात्र गोळ्या आपल्या खर्चानं, आणि त्या जन्मभर. ॲडमिट झालात तर योजना तुमची, ओपीडीत बसलात तर तुम्ही तुमचे.

आता शून्याचं सांगतो. आक्का अथणीला दिलेली. त्याच सुमारास दाजी पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांनाही मिरजेलाच आणलं. आक्काकडं कर्नाटकाचं एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, कार्ड. तिकडं 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक' आहे. त्यात बीपीएलला पाच लाख, पण एपीएलला पॅकेजच्या तीस टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. केंद्राचं आयुष्मान कार्ड देशात कुठंही चालतं म्हणतात, पण ते केंद्राच्या यादीत नाव असेल तर. ती यादी बनली २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून, आणि आक्काचं घर त्यात नाही. म्हणजे माहेरच्या केशरी कार्डाला पाच लाख आणि सासरच्या एपीएलला मिरजेतल्या त्या दवाखान्यात काहीच मिळालं नाही. दोघं एकाच आईची लेकरं, दवाखाने एकाच शहरातले. आक्कानं रोख भरले, निम्मे मी मालकांकडून उचल घेऊन दिले.

मालकांचा धाकटा बॉस्टनला असतो. दिवाळीला आला होता, त्याला मी ही कथा सांगितली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं हाच वाद चाललाय. सगळ्यांचं बिल सरकारनं भरायचं तर वॉशिंग्टननं भरावं की एकेका राज्यानं?" व्हरमाँट नावाच्या राज्यानं २०११ मध्ये तसा कायदाच केला. वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास, आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षा जराशी जास्त. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या गव्हर्नरनं हात वर केले, कारण हिशेब बसेना. तिथल्या कंपन्यांवर पगारबिलाच्या साडेअकरा टक्के आणि लोकांच्या उत्पन्नावर साडेनऊ टक्क्यांपर्यंत नवा कर लावावा लागला असता. पोरगं सांगताना हळहळत होतं, मला मात्र नवल वाटलं नाही. एवढ्याशा पेढीनं एवढी मोठी उधारी अंगावर घेतली तर दुसरं काय होणार?

तरी राज्यानं काही करूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट सुरुवात कायम राज्यंच करतात. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतानं १९६२ मध्ये सर्वांचा डॉक्टरखर्च उचलला. तिथल्या डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला, तरी योजना टिकली. मग १९६६ मध्ये देशाचा कायदा झाला आणि निम्मा खर्च केंद्रानं घेतला. आपल्याकडंही आंध्रानं २००७ मध्ये आरोग्यश्री काढली. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी सुरू केली, तीच पुढं फुले योजना झाली. दिल्लीची आयुष्मान आली २०१८ ला. केंद्राची यादी २०११ वर अडकली, राज्यानं मात्र २०२३ च्या जुलैत जीआर काढून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं. अंमलबजावणीला पुढचं वर्ष उजाडलं, पण घेतलं. निवडणूक कितीही जवळ असू दे, फायदा झाला तो झाला.

राज्याला जमत नाहीत अशा गोष्टीही आहेत. दादाच्या स्टेंटचंच घ्या. पूर्वी एकेका स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या औषध किंमत प्राधिकरणानं औषधवाल्या स्टेंटला साधारण तीस हजारांची मर्यादा घातली आणि देशभर एका रात्रीत भाव उतरला. मुंबईतून असा हुकूम निघाला असता तर कंपन्यांनी माल बेळगावला उतरवला असता.

म्हणून माझं मत असं की योजना राज्यानं चालवावी. आरोग्यमित्र इथला, तक्रार इथली आणि आमदारालाही रस्त्यात गाठता येतं. पण कार्ड देशाचं असावं आणि पैशाचा मोठा वाटा केंद्रानं टाकावा. सध्या आयुष्मानच्या यादीतल्या कुटुंबांपुरते केंद्र साठ आणि राज्य चाळीस टक्के देतं. यादीबाहेरच्यांचा सगळा भार राज्यावर. ज्या राज्याची तिजोरी भरलेली तिथला खुबा फुकट बसतो, बाकीच्यांनी उचल घ्यायची. मालकांच्या पोराला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, सगळं दिल्लीकडं द्या. त्यानं आमच्या रेशन दुकानाचं सर्व्हर डाऊन झालेलं बघितलेलं नाही.

आईचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड तेवढं काढून घेतलंय. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता पाच लाख, आणि तिथं रेशनकार्डाचा रंगही विचारत नाहीत. घरात कुणी म्हातारं असेल तर धडधाकट असतानाच ई-केवायसी उरकून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल कुणाच्या खिशात आहे तेही बघा. आमच्या आईचा ओटीपी पुतण्याच्या फोनवर जात होता, आणि पुतण्या द्राक्षं घेऊन वाशीला.