कॉर्डेलियाची मुंबई–लक्षद्वीप क्रूझ : चार रात्री जहाजावर, काही तास बेटावर

मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट हे अंतर सुमारे 485 सागरी मैल, म्हणजे जवळपास 900 किलोमीटर. पहिल्या दिवशी संध्याकाळी सुटलेलं जहाज तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतं आणि त्याच संध्याकाळी परत फिरतं. चार रात्रींच्या सहलीत बेटावर मिळतात ते काही तास, बाकी सगळा वेळ जहाजावर. बुकिंग करण्याआधी हा हिशेब घरात सगळ्यांना नीट सांगा. ‘लक्षद्वीपला चाललोय’ असं मनात धरून चढणारे हिरमुसून उतरतात. तीन पिढ्यांना एका छपराखाली, रोजच्या स्वयंपाकाच्या आणि प्रवासाच्या दगदगीशिवाय चार दिवस एकत्र घालवायचे असतील, तर मात्र एवढी सोयीची सहल मुंबईतून दुसरी मिळणं कठीण.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 सालचं. फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते बांधलं गेलं. लांबी 211 मीटर. आजच्या अवाढव्य जहाजांच्या मानाने ते लहान आहे, आणि कुटुंबासाठी तेच बरं. आजी जेवणाच्या हॉलमधून खोलीपर्यंत एकटी जाऊ शकते आणि मुलं हरवली तरी पाच मिनिटांत सापडतात. जुन्या बांधणीमुळे खोल्या आटोपशीर आणि बाथरूम अगदी छोटं. बाल्कनीच्या खोल्याही फारच थोड्या.

खोली निवडताना बहुतेक जण फसतात. एका खोलीत चौघं बसवली की माणशी भाडं कमी पडतं, कारण वरच्या दोन बर्थचा दर कमी असतो. पण ते बर्थ भिंतीतून उघडणारे, शिडीने चढायचे. चार माणसांत एक बाथरूम आणि चार बॅगांना जमीन पुरत नाही. दोन मोठी माणसं आणि एक मूल, इथपर्यंत ठीक. आतल्या खोलीला खिडकीच नसते. दिवा मालवला की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. तरुण मंडळींना तिथे झकास झोप लागते, वयस्कर माणसांचा मात्र जीव गुदमरतो. त्यांच्यासाठी समुद्र दिसणारी खोली घ्या (खिडकी उघडत नाही, फक्त उजेड येतो) आणि ती खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी मागा. जहाज मध्याभोवती झुलतं, त्यामुळे नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. सगळ्यांची बुकिंग वेगवेगळी झाली असली तरी एकमेकांशी जोडून घ्या आणि रात्रीच्या जेवणाची एकच वेळ मागा, नाहीतर अर्धं कुटुंब एका पाळीला आणि अर्धं दुसऱ्या.

जाहिरातीतला आकडा हा शेवटचा आकडा नव्हे. त्यावर बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. मद्य, वायफाय, काही खास रेस्टॉरंटं आणि बेटावरची सहल यांचे पैसे वेगळे. एजंटकडून माणशी अंतिम रक्कम लेखी घ्या आणि मगच दोन कोटेशनं शेजारी ठेवा. जहाजावरचा खर्च खोलीच्या कार्डावर लिहिला जातो, म्हणून मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी.

चढायचं ते बॅलार्ड पियरला. सीएसएमटीहून टॅक्सीने जवळच. वेब चेक-इन आधी उरकलेलं हवं, आणि त्यात दिलेलं मूळ ओळखपत्र हातात. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, दारू हे बॅगेत सापडलं की काढून ठेवतात. खोलीत सॉकेट थोडेच, तेव्हा पॉवर बँक आणा. पोटात 24 आठवड्यांच्या पुढचं बाळ असेल तर जहाजावर घेत नाहीत.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी आणि जैन जेवण मुबलक, पण जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. पंजाबी-गुजराती वळणाचं खाणं तिसऱ्या दिवशी जड वाटू लागतं. दहीभात, वरणभात मागितला तर सहसा मिळतो.

आता मुख्य गोष्ट. जहाज अगत्तीच्या धक्क्याला लागत नाही. त्याचा सुमारे सात मीटर भाग पाण्याखाली असतो आणि प्रवाळाच्या कड्याआतलं खाजण उथळ, म्हणून ते बाहेर खोल पाण्यात थांबतं. तिथून लहान बोटीत उतरायचं. लाटेबरोबर बोट खालीवर होते. बोट वर आली की खलाशी हात धरतो आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. गुडघे दुखणाऱ्यांना हे अवघड, व्हीलचेअरवरच्या माणसाला अशक्यच. आजोबा जहाजावर थांबणार असतील तर सोबत कोण राहील, हे घरीच ठरवा. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणं रद्द करतो. करारात तो हक्क राखलेला असतो, म्हणून बेटावरच्या सहलीचे पैसे परत मिळण्याचा नियम आधी वाचा. ही जोखीम नोव्हेंबर ते मार्चमध्ये सर्वांत कमी.

लक्षद्वीपला प्रवेश-परवाना लागतो. तो क्रूझमार्फत होतो, पण त्यासाठीची कागदपत्रं दिलेल्या मुदतीत पाठवायला हवीत. बेटावर काच-तळाची बोट, स्नॉर्केलिंग, कयाक असतं. स्नॉर्केलचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते किनाऱ्यावरच तपासा. दाढी-मिशीमुळे पाणी शिरतं आणि मग माणूस घाबरतो. पायात रबरी तळाचे बूट हवेत. प्रवाळावर उभं राहू नका, तो जिवंत आहे, पाय पडला की मरतो. त्याचा तुकडा खिशात घालणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मुलांना हे आधी सांगायची जबाबदारी मोठ्यांची. वस्ती मुस्लिम, बोली मल्याळमच्या जवळची. गावातून फिरताना अंगभर कपडे घाला. दारूला बेटावर बंदी आहे.

बोट लागण्याचं औषध उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. अॅव्होमाइनसारखी गोळी जहाज सुटण्याआधी तासदोन तास घ्यायची. झोप येते, हे गृहीत धरा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मळमळ वाटली की खोलीत पडून राहू नये, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावं. पोट रिकामं ठेवलं तर त्रास वाढतो.

बेटंच पाहायची असतील तर कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाचं ‘समुद्रम’ पॅकेज घ्या. एमव्ही कवरत्ती जहाजाने पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. दिवसा बेटावर, रात्री जहाजात. करमणूक, कॅसिनो वगैरे काही नाही, पण तीन बेटं खरोखर पाहून होतात आणि मिनिकॉयचं 1885 चं दीपगृहही. लहान बोटीत उतरणं तिथेही चुकत नाही. आजी-आजोबांना बेटावर न्यायचंच असेल, तर कोचीहून अगत्तीचं विमान हाच सरळ मार्ग.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. सकाळची औषधं, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत आधीच काढून ठेवा. त्या बॅगा परत हाती येतात त्या थेट धक्क्यावर.